हरलेला मासा कुठे जातो?

घरात पहिली टाकी येते तेव्हा मासे बहुधा जोडीजोडीने घेतले जातात. दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन गौरामी, एक रेड टेल शार्क आणि काच साफ राहावी म्हणून एक सकर. दुकानातल्या टाकीत हे मासे दाटीवाटीने फिरत असतात आणि कुणी कुणाच्या वाट्याला जात नाही, म्हणून घरीही ते असेच नांदतील असं वाटतं. पहिले काही दिवस नांदतातही. मग एक मासा हीटरच्या मागे जाऊन उभा राहू लागतो. दाणे टाकले तरी पुढे येत नाही. शेपटीची कड फाटलेली दिसते. दुकानदार पाणी बदलायला सांगतो आणि सोबत निळं औषध देतो. पाणी बदललं जातं, औषध पडतं, तरी तो मासा मरतो. काही दिवसांनी हीटरच्या मागे दुसरा मासा उभा असतो.

हे प्रकरण त्या हीटरमागच्या माशाबद्दल आहे. टाकीतला दांडगा मासा सगळ्यांच्या नजरेत भरतो आणि सगळे उपायही त्याला वेसण घालण्यासाठीच शोधले जातात. पण टाकीत काय चाललंय हे कळतं हरलेल्या माशाकडे पाहून. हरल्यावर त्याला जायला जागा आहे का, हा एकच प्रश्न मनाशी धरून टाकीकडे पाहिलं, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

दुकानातली शांतताही याच प्रश्नातून उलगडते. तिथले मासे नुकतेच आलेले असतात आणि लवकरच जाणार असतात. दाटी इतकी असते, की कुठल्याही कोपऱ्यावर मालकी सांगणं कुणाला परवडत नाही. घरी आल्यावर गर्दी कमी होते, दगड मिळतो, गुहा मिळते, रोज ठरलेल्या जागी खाणं मिळतं. म्हणजे राखण्याजोगं काहीतरी मिळतं आणि ते राखणं सुरू होतं.

निसर्गात माशांची भांडणं क्वचितच जिवावर जातात. दोन नर समोरासमोर आले की आधी पर ताणतात, कल्ल्यांची झाकणं फुगवतात आणि शक्य तितके मोठे दिसायला बघतात. मग शेजारी शेजारी उभे राहून शेपटीने एकमेकांच्या अंगावर पाण्याचा लोट सोडतात. माशाच्या कुशीवरून एक संवेदनशील रेषा गेलेली असते. पाण्याचा दाब तिला जाणवतो आणि समोरच्याचं बळ अंगाला न लागताच जोखता येतं. सिक्लिड कुळातले मासे त्यापुढे तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली करतात. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग असते, म्हणून निकाल जितक्या आधी लागेल तितकं दोघांच्या भल्याचं. ज्याला आपलं काही खरं नाही असं कळतं तो पर मिटतो, रंग बदलतो, अंग आखडतो आणि निघून जातो.

हार मानणं हे मेंदूने मुद्दाम केलेलं काम आहे. जपानमधल्या रिकेन या संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली हे झेब्रा माशावर दाखवलं. हा मासा मूळचा भारतीय उपखंडातला. त्याच्या मेंदूत हॅबेन्युला नावाचा एक छोटा भाग आहे आणि त्यातून दोन वाटा निघतात. एक वाट बंद पाडली की मासा लवकर शरण जातो, दुसरी बंद पाडली की तो नेटाने लढत राहतो आणि त्याची जिंकण्याची शक्यता वाढते. लढायचं की सोडायचं याचा निवाडा करणारी यंत्रणाच तिथे आहे. लाखो वर्षांत ती घडली ती एका गृहीतकावर, की सोडणाऱ्याला निघून जाता येईल.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. तिथे हरलेला मासा पळून पळून दोन फूट पळतो आणि काचेला लागतो. जिंकणाऱ्याच्या लेखी तो गेलेलाच नसतो. शरण आल्याची खूण दाखवूनही समोर उभा राहणारा मासा म्हणजे अजून न मिटलेलं आव्हान, म्हणून हल्ला पुन्हा होतो. काही सेकंदांत मिटायचं भांडण दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी चालतं, आठवडाभर चालतं. मासा मारकुटा निघाला असं आपण म्हणतो. माझ्या मते असा शिक्का मारण्याआधी टाकीची लांबी मोजावी.

पाठलाग झालेल्या माशाच्या शरीरात काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. भीती वाटताच अॅड्रेनलिन सुटतं, हृदयाची गती वाढते, कल्ल्यांमधून जास्त रक्त वाहू लागतं. पळायला जास्त ऑक्सिजन लागतो, त्याची ही सोय. पण गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. कल्ल्यांचा पातळ पडदा जितका मोकळा होईल तितके क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरतं. पळणारा मासा श्वासाच्या बदल्यात अक्षरशः मीठ गमावत असतो. मासे दूरवर नेताना पिशवीतल्या पाण्यात थोडं मीठ टाकण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यामागे हेच कारण आहे.

त्यानंतर येतं कॉर्टिसॉल. माणसात ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होतं. माशांना तशी वेगळी ग्रंथी नसते, मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशी ते काम करतात. थोडा वेळ वाढलेलं कॉर्टिसॉल उपयोगी असतं. ते साठवलेली ऊर्जा मोकळी करतं, गमावलेले क्षार परत मिळवायला मदत करतं. शत्रू नजरेआड झाला की त्याची पातळी उतरते. टाकीत शत्रू नजरेआड होतच नाही. दिवसेंदिवस कॉर्टिसॉल चढं राहिलं की वाढ खुंटते, अंडी धरत नाहीत आणि रोगाशी लढण्याची ताकद उतरते. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी अशाच माशावर आधी जम बसवतो. औषधाने ठिपके जातीलही, पण पाठलाग तसाच राहिला तर रोग फिरून येतो. मासा रोगाने मेला, एवढंच नोंदवून आपण थांबतो आणि खरं कारण टाकीत पोहत राहतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. छळ सोसणारा मासा आणि खराब पाण्यातला मासा जवळपास सारखेच दिसतात. पर मिटलेले, रंग उतरलेला, कल्ले भरभर हलतात, खाणं सुटलेलं. खराब पाणी म्हणजे बहुधा अमोनिया. मासे तो मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतात, उरलेले दाणे आणि विष्ठा त्यात भर घालतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू अजून वसलेले नसतात. शिवाय अमोनियाचं विखारीपण पाण्याच्या सामूवर ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. तुमचं पाणी बोअरचं आणि जड असेल तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण आहे. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर दोष पाण्यात आहे. एकच मासा कोपऱ्यात आणि बाकीचे खुशाल असतील तर दोष संगतीत आहे. खात्री करायची तर खाणं न टाकता, टाकीपासून दोन-तीन हात लांब बसून पाव तास पाहत राहावं. दाणे टाकले की सगळेच धावतात आणि खरं चित्र झाकलं जातं. कोण कुणाला पाहून वाट बदलतो, याकडे लक्ष द्यावं. चावा फार थोड्या वेळा दिसतो, वाट बदलणं सतत दिसतं. ज्याला पाहून तिघेजण वळतात तो टाकीचा धनी, आणि जो प्रत्येकाला पाहून वळतो त्याची काळजी आज घ्यायची आहे. टेट्रा आणि बार्ब माशांच्या बाबतीत ही काळजी लवकर घ्यावी. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवलं, की मिनो नावाच्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याच्या वासाने सगळा थवा घाबरतो. बार्ब मिनोच्या जवळच्या कुळातला, आणि टेट्रांमध्येही हे द्रव्य असतं. म्हणजे एकाची जखम ही सगळ्यांची भीती. जखमी माशाला वेगळ्या भांड्यात काढल्याने त्याला विश्रांती मिळते आणि उरलेल्यांनाही.

फ्रिशला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते कोनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत. या दोघांनी माशांच्या भांडणाचा सखोल अभ्यास केला होता. टिनबर्गनचा मासा होता युरोपातला स्टिकलबॅक. विणीच्या काळात त्याच्या नराचं पोट लाल होतं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे टिनबर्गनने माशाच्या ओबडधोबड प्रतिकृती नरांपुढे धरल्या. हुबेहूब आकाराच्या पण लाल रंग नसलेल्या प्रतिकृतीकडे नर फारसं बघेनात, आणि नुसत्या खालून लाल रंगवलेल्या ठोकळ्यावर तुटून पडत. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. आपल्या कामाचा त्याचा दुसरा प्रयोग त्यामानाने कमी सांगितला जातो. एकाच टाकीच्या दोन टोकांना दोन नरांनी आपापली घरटी केली होती. टिनबर्गनने दोघांना दोन काचेच्या नळ्यांत घेतलं आणि नळ्या एकदा पहिल्याच्या हद्दीत, एकदा दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या. पहिल्याच्या हद्दीत पहिला काचेवर धडका देई आणि दुसरा पळायला बघे. दुसऱ्याच्या हद्दीत नेमकं उलट. मासे तेच, बळ तेच. बदलली होती फक्त जागा.

आक्रमकता माशापेक्षा जागेत जास्त असते, हे एकदा पटलं की पुष्कळ उपाय सुचतात. हद्दी ठरल्या की शेजारी मासे सहसा एकमेकांना सोसतात. काही सिक्लिड माशांवर केलेल्या निरीक्षणांत ओळखीच्या शेजाऱ्याशी मासा सौम्य वागतो आणि अनोळख्यावर धावून जातो असं दिसलं आहे. बांधाला बांध लागून असलेले शेतकरी रोज भांडत नाहीत, भांडण पेटतं ते बांध सरकला की. टाकीतही तसंच. म्हणून नवा मासा सोडताना दगड, लाकूड, झाडं यांची मांडणी मुद्दाम बदलावी. सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या जातात, सगळ्यांनाच नव्याने वाटणी करावी लागते आणि नवा मासा एकटा उपरा राहत नाही. हे दिवे मालवण्याआधी करावं, म्हणजे पहिली रात्र सगळ्यांची सारखीच गोंधळाची जाते. जो स्वभावाने सर्वांत तिखट, त्याला सर्वांत शेवटी सोडावं.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. टाकी शांत असेल तर मांडणीला हात लावू नये. पाण्याच्या बाबतीतही हेच आहे, आणि हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. काही मासे आपला दर्जा वासातून कळवतात. तिलापियाचा वरचढ नर लघवीवाटे पाण्यात तसा संदेश सोडतो. पाणी एकदम बदललं की हे संदेश विरतात आणि कोण वरचढ हा प्रश्न पुन्हा निघतो. एंजल माशांवर केलेल्या अभ्यासात थोडं पाणी बदलल्यावर भांडणं कमी आणि जास्त बदलल्यावर अधिक, असं आढळलं. घाण दिसेपर्यंत थांबून मग निम्मी टाकी उपसायची, ही आपल्याकडची सवय या दृष्टीनेही वाईट. आठवड्याला पंधरा ते पंचवीस टक्के पाणी, क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्याइतक्याच तापमानाचं, हे माशांनाही सोसतं आणि त्यांच्या व्यवस्थेलाही.

मोठी टाकी घ्या, हा सल्ला सगळे देतात, आणि तो खरा आहे. पण किती मोठी? अमेरिकेतल्या रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी मायडास सिक्लिड या माशाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घरोघरी असतात त्या मापांच्या टाक्यांत लहान-मोठेपणाने फारसा फरक पडला नाही. टाकी खरोखरच मोठी आणि आतली रचना गुंतागुंतीची झाली तेव्हा आक्रमकता उतरली. दोन फुटांची टाकी अडीच फुटांची करून ऑस्करसारखा दांडगा मासा शांत होणार नाही. तेवढ्याच पैशांत आडोसे वाढवणं जास्त कामाचं ठरतं. आडोसा म्हणजे नुसती गुहा नव्हे. एकच गुहा असेल तर तीच भांडणाचं कारण होते, आणि एकच तोंड असलेली गुहा हरलेल्यासाठी सापळा असतो. हवी ती नजरेची आड. टाकीच्या एका टोकाकडून पाहिलं तर दुसरं टोक दिसता कामा नये, असं उभं लाकूड किंवा दाट झाडोरा मधे असावा. पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या माशांसाठी तरंगती झाडं लावावीत, कारण तळाच्या गुहेचा त्यांना उपयोग नसतो. टाकी घेताना उंचीपेक्षा लांबी बघावी. बैठकीत उंच टाकी शोभते खरी, पण पळणारा मासा आडवा पळतो.

आता त्या जोडीजोडीच्या खरेदीकडे वळू. मला वाटतं, आपल्याकडच्या टाक्यांतला निम्मा छळ या सवयीतून येतो. टायगर बार्ब हा सुमात्रा आणि बोर्निओ भागातला थव्याने राहणारा मासा. थव्यात त्याची खोडी काढण्याची वृत्ती आपापसांत वाटली जाते, कुणा एकावर ती साचत नाही. दोनच आणले की एक मारतो, एक मार खातो, आणि दोघे मिळून एंजलचे लांब पर कुरतडतात. आठ-दहा आणले तर तेच मासे एकमेकांत गुंतून राहतात. खोड्या काढणारा मासा कमी करण्याऐवजी वाढवायचा, हे ऐकायला विपरीत वाटतं, पण या जातीसाठी ते बरोबर आहे. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला मिस केरळ हा बार्बही थव्याचाच. २०१३ साली त्याच्या प्रजातीला नावच सह्याद्रिया असं मिळालं. निसर्गात तो धोक्यात आहे, दुकानात महाग मिळतो, म्हणून लोक एक-दोन घेऊन जातात आणि तो काचेच्या कडेला बावरून उभा राहतो. परवडत नसेल तर तो न घेणंच बरं. गप्पीत प्रश्न वेगळा. तिथे नर मादीचा पिच्छा सोडत नाही. जोडी घेतली तर सगळा जाच एकाच मादीला. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या की तो विभागला जातो.

आता ऑरेंज क्रोमाइडची गोष्ट. हा बोटभर लांबीचा नारिंगी-पिवळा सिक्लिड दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात राहतो. गोव्यात आणि कोकणात जेवणात असणारं कालुंदर त्याचं भावंड. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं नोंदलं आहे, की ऑरेंज क्रोमाइड कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला साफ ठेवतो. हाच मासा लॉरेन्झच्या जर्मनीतल्या संस्थेत पोचला आणि तिथे एक विचित्र प्रकार दिसला. मोठ्या टाकीत बऱ्याच जोड्या एकत्र असताना नर-मादी गुण्यागोविंदाने राहत, शेजाऱ्यांवर धावून जात, पिल्लं वाढवत. एकच जोडी निवांत, वेगळ्या टाकीत ठेवली की नर मादीवरच उलटे. मधे काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली तर दोन्ही घरांत शांतता. काचेवर शेवाळ चढून पलीकडचं दिसेनासं झालं की नर पुन्हा मादीच्या मागे. १९६९ साली अॅन रासा यांनी या माशाच्या एकट्या ठेवलेल्या जोड्यांवर रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला.

लॉरेन्झने यावरून मांडलं, की आक्रमकता आत साठत जाते आणि तिला कुठेतरी वाट हवी असते. पुढच्या संशोधकांनी हे साठ्याचं चित्र मोठ्या प्रमाणात नाकारलं आणि ते योग्यच झालं. पण निरीक्षण खोटं ठरलं नाही. सिक्लिड पाळणारे ते रोज वापरतात. जोडीच्या टाकीत वरच्या थरात चपळ, न थांबणारे, सहज हाती न लागणारे काही मासे सोडले की जोडीचं लक्ष बाहेर राहतं. त्याचा आणखी एक फायदा होतो. उघड्यावर बिनधास्त फिरणारे छोटे मासे दिसले की आसपास मोठा शिकारी नाही हे कळतं, आणि लपून बसलेले मासेही बाहेर येतात. मात्र हे मासे मार खाण्यासाठी आणलेले नाहीत. त्यांना पळायला पुरेशी टाकी नसेल तर हा उपाय करू नये. तेव्हा जोडीतल्या दोघांच्या मधे जाळी लावणंच बरं.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या खडकाळ किनाऱ्यांवरचे रंगीत सिक्लिड पाळणारे मुद्दाम गर्दी करतात, म्हणजे कुणालाच हद्द धरता येत नाही. ही युक्ती चालते, पण तिला लांब टाकी, दांडगा फिल्टर आणि नियमित पाणी बदलणं लागतं. दोन फुटांच्या टाकीत ती करून पाहू नये. फायटरचं उत्तर सरळ आहे. थायलंडने २०१९ साली ज्याला राष्ट्रीय जलचर म्हटलं तो हा मासा, आणि त्याचे दोन नर कितीही मोठ्या घरगुती टाकीत एकत्र ठेवू नयेत. बरण्या शेजारी शेजारी असतील तर मधे पुठ्ठा हवा, कारण दिवसभर समोर दिसणारा शत्रू हाही छळच आहे. फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याला बरणी पुरते हा गैरसमज आहे. आणि फ्लॉवरहॉर्न. मलेशियात १९९० च्या दशकात संकरातून घडवलेला हा मासा आपल्याकडे वास्तूसाठी, भरभराटीसाठी आणला जातो. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण त्याला एकट्याची मोठी टाकी द्यावी आणि संगतीला दुसरा मासा देऊ नये.

मासे एकमेकांची भांडणं पाहतात आणि लक्षात ठेवतात, हे नवा मासा आणताना विसरू नये. फायटरचे नर दोघांची झुंज बाजूने पाहतात आणि त्यात जिंकलेल्याच्या समोर जायला नंतर बिचकतात, असं १९९८ साली दाखवलं गेलं. टांगानिका सरोवरातल्या बर्टन सिक्लिडवरचा २००७ सालचा प्रयोग त्याहून थक्क करणारा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत एका माशाला काचेआडून पाच नरांची भांडणं दाखवली गेली. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पाचव्याला. दुसरा आणि चौथा यांची लढत त्याने कधीच पाहिली नव्हती. तरी त्या दोघांपैकी निवडायची वेळ आली तेव्हा तो चौथ्याच्या, म्हणजे दुबळ्याच्या बाजूला गेला. याचा टाकीतला अर्थ कडू आहे. एकदा हरलेल्या माशाची हार सगळ्यांनी पाहिलेली असते आणि मग त्याला सगळेच टोचतात. त्याला काही दिवस बाहेर ठेवून परत त्याच टाकीत सोडणं म्हणूनच बहुधा फुकट जातं.

बाहेर काढायचं तर दांडग्याला काढावं. तीन-चार दिवस तो वेगळ्या टाकीत राहू द्यावा, दरम्यान मांडणी बदलावी, हरलेल्याला खाऊन-पिऊन सावरू द्यावं. परतणारा मासा आता स्वतःच नवखा असतो. सगळ्याच जातींत हे साधत नाही. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर तो मासा या टाकीचा नाही हे मान्य करून त्याला दुकानात परत द्यावं, किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्यावं. त्याला नदीत, तलावात किंवा विहिरीत मात्र कधीही सोडू नये. मुक्ती दिल्याचं समाधान आपल्याला मिळतं आणि किंमत दुसरेच मोजतात. घरच्या टाक्यांसाठी आणला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात भोई बांधवांच्या जाळ्यात येतो, काटेरी परांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसतं.

दांडगा गेल्यावर टाकी लगेच निवांत झाली असं धरून चालू नये. बर्टन सिक्लिडमध्ये वरचढ नर काढला की खालच्या नराचा रंग काही मिनिटांत उजळतो, तो हद्द धरतो, आणि त्याच्या मेंदूत प्रजननाची सूत्रं हलवणाऱ्या पेशी जाग्या होतात. इतके दिवस दबलेला दोन नंबरचा मासा एका दुपारीत धनी होऊ शकतो. पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा तेच पाव तासाचं निरीक्षण करावं, आणि या वेळी नजर त्या दोन नंबरच्या माशावर ठेवावी. हीटरमागचा मासा बाहेर येऊन सगळ्यांबरोबर खाऊ लागला आणि त्याला पाहून कुणी वळेनासं झालं, तर मांडणी आहे तशी राहू द्यावी. तो अजून तिथेच उभा असेल तर आडोसे वाढवावेत, दाणे टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाकावेत, आणि दुसऱ्या टाकीची सोय होईपर्यंत त्याच्यासाठी जाळी लावून एक कोपरा राखून ठेवावा.